पुस्तक मिटल्यावर : प्रस्तावना

२०१८ साली महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्याच वर्षी तो ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर जाऊन पोहोचला. राज्यातली मुले एका वर्षात मठ्ठ झाली आणि दुसऱ्या वर्षी हुशार झाली, असे अर्थातच घडले नव्हते. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकलेले होते. पुढच्या वर्षी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण परत आले, आणि करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही. त्या वर्षीचा निकाल ९९.९५ टक्के होता.

हे आकडे सुरुवातीलाच मांडण्याचे कारण असे, की गुणपत्रिकेवर जे छापून येते त्यातला बराच भाग मुलाच्या हातात नसतो. गुणांची विभागणी कशी आहे, पेपर सोपा निघाला की अवघड, शाळेत गणिताला शिक्षक वर्षभर होते की नाही, यांपैकी काहीही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने ठरवलेले नसते. उरलेला भाग मात्र त्याच्या हातात असतो आणि तो समजतो त्यापेक्षा मोठा असतो. हे पुस्तक आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी, त्या उरलेल्या भागाविषयी लिहिले आहे. प्रस्तावना मात्र त्यांच्याबरोबरच त्यांच्या पालकांनी आणि शिक्षकांनीही वाचावी, कारण पुढे जे सुचवले आहे त्यातले काही मोठ्यांच्या मदतीशिवाय होणार नाही.

‘गुण म्हणजे सर्वस्व नव्हे’ हे वाक्य निकालाच्या दिवशी हमखास ऐकू येते. ते खरे आहे. पण ते बहुधा अशा घरांत बोलले जाते, जिथे गुण कमी पडले तरी दुसरी वाट काढता येते. तालुक्याच्या गावापासून आत राहणाऱ्या, वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या मुलीसाठी दहावीची गुणपत्रिका हा तिच्या स्वतःच्या नावाचा पहिला वजनदार कागद असतो. अकरावीची शाखा आणि महाविद्यालय, आयटीआयमधला ट्रेड, तंत्रनिकेतनातली पदविका, सगळीकडे प्रवेश त्याच कागदावर होतो. वसतिगृहात जागा मिळणे किंवा न मिळणे, कधी कधी लग्न दोन वर्षे पुढे जाणे किंवा न जाणे, हेही त्याच्याशी जोडलेले असते. म्हणून गुणांना हलके लेखणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. गुण वाढावेत अशी इच्छा धरणे यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न इतकाच, की ते वाढतात कशाने.

याचे जे उत्तर घरोघरी दिले जाते ते म्हणजे ‘जास्त अभ्यास कर’. जास्त म्हणजे जास्त तास. मुलेही ते ऐकतात, निदान ऐकण्याचा प्रयत्न करतात. पुस्तक उघडतात, धडा वाचतात, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतात, परत वाचतात. चौथ्यांदा वाचताना सगळे ओळखीचे वाटू लागते आणि ‘झाला हा धडा’ असे मनाशी ठरते. परीक्षेत तोच प्रश्न येतो. पान डोळ्यांसमोर दिसते, चित्र कोणत्या कोपऱ्यात होते तेही आठवते, पण वाक्य सुचत नाही. रोज रिक्षात बसून शाळेला जाणाऱ्याला सगळा रस्ता ओळखीचा असतो. एक दिवस एकट्याने सायकल घेऊन निघाला की पहिल्याच चौकात त्याला थांबावे लागते. समोर आलेले ओळखणे आणि समोर नसलेले आठवून मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत. परीक्षा दुसरे काम मागते आणि मुले वर्षभर सराव करतात पहिल्याचा.

यावर नीट प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या घरच्या अभ्यासाशी हुबेहूब जुळतो. त्यांनी विद्यार्थ्यांना एक साधा माहितीपर उतारा दिला. एका गटाने तो पाच-पाच मिनिटांच्या चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनंतर परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता : त्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. वाचणाऱ्या गटाने तो उतारा सरासरी चौदा वेळा वाचला होता. लिहिणाऱ्यांनी साडेतीनपेक्षाही कमी वेळा.

मला या आकड्यांपेक्षा आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ‘आठवड्यानंतर तुम्हांला किती आठवेल?’ असे त्या विद्यार्थ्यांना आधीच विचारले होते. सर्वांत जास्त खात्री होती ती पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना. म्हणजे जी पद्धत कमी उपयोगाची, तीच करताना सर्वांत छान वाटते. मुलगा आळशी असतो म्हणून चुकीच्या पद्धतीला चिकटून राहतो असे नाही. ती पद्धत त्याला रोज संध्याकाळी ‘तुला येते आहे’ असे सांगत असते. पुस्तक मिटून कोरा कागद पुढे घेतला, की तो कागद ‘तुला हे येत नाही’ असे सांगतो आणि ते ऐकायला कुणालाच आवडत नाही. या पुस्तकात जे काही सांगितले आहे त्याचा गाभा एवढाच आहे : आपल्याला नेमके काय येत नाही हे परीक्षेच्या आधी, घरी, स्वतःचे स्वतःला कळले पाहिजे. ज्या मुलांना ते कळते त्यांचे गुण वाढतात.

हे ऐकून कुणी म्हणेल की ही तर जुनी घोकंपट्टीच परत आली. या शंकेचे उत्तर नीट द्यायला हवे. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत होती. बे एके बे पासून तिसापर्यंतचे पाढे, त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पुस्तक हातात नसे, पाटीही नसे; अंगणात किंवा ओसरीवर बसून तोंडाने म्हणायचे, अडखळले की आजोबा किंवा थोरला भाऊ पुढचा आकडा सांगे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. यात दोन गोष्टी अगदी बरोबर होत्या. आठवणे पुस्तकाशिवाय होते आणि ते रोज, थोडे थोडे होते. म्हणूनच त्या पिढीतला शेतकरी किंवा वाणी अडीच शेराचा भाव कागदाशिवाय सांगत असे. उणीव होती ती अर्थाची. पाऊणकी म्हणणाऱ्या सगळ्याच मुलांना तीन-चतुर्थांश म्हणजे काय हे माहीत असे, असे म्हणता येणार नाही. पुढे शिक्षणतज्ज्ञांनी अर्थाचा आग्रह धरला, तो योग्यच होता. पण त्या आग्रहात आठवण्याचा रोजचा सरावही सुटला, आणि आता पुष्कळ घरांत अर्थही नाही आणि परवचाही नाही, नुसते वाचन आहे. या पुस्तकाला हवा आहे तो समजून घेतलेल्या गोष्टीचा परवचा. धडा कळला नसेल तर तो आठवून लिहिण्याचा आटापिटा करू नये. आधी कुणाला तरी विचारून तो समजून घ्यावा.

प्रत्यक्षात हे कसे करायचे, याचे एक उदाहरण इथे देतो. दहावीच्या विज्ञानात भिंगांचा धडा आहे. तो वर्गात शिकवून झाला, घरी एकदा शांतपणे वाचला. आता पुस्तक मिटायचे आणि कागदावर स्वतःला विचारायचे : बहिर्गोल भिंगासमोर वस्तू भिंग आणि नाभी यांच्या मध्ये ठेवली तर प्रतिमा कुठे मिळेल, कशी असेल? किरणाकृती काढायची. प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, आभासी, सुलट आणि मोठी मिळते, हे आठवले तर उत्तम. ‘उलटी’ लिहिले गेले तर त्याहून उत्तम, कारण ती चूक मार्चमध्ये होण्याऐवजी घरी झाली. मग पुस्तक उघडून, वेगळ्या रंगाच्या पेनाने, चुकलेले आणि राहिलेले तेवढेच लिहायचे. वीस मिनिटांचे काम आहे. त्या कागदावरचा वेगळा रंग हाच पुढच्या वेळचा अभ्यास. जे पहिल्या पेनाने बरोबर लिहिले गेले त्यावर परत वेळ घालवायची गरज नाही.

पुढची वेळ कधी, हेही महत्त्वाचे आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या ते स्वतः पाठ करत आणि ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती श्रम पडतात ते मोजत. दुसऱ्या दिवशी पहिल्या श्रमांतले जेमतेम एक तृतीयांश वाचत. विसरणे हे सुरुवातीला वेगाने होते, मग मंदावते. त्यांच्या याद्यांपेक्षा आपले धडे अर्थपूर्ण असतात, म्हणून ते इतक्या झपाट्याने पुसले जात नाहीत, पण पुसले जातातच. यावर इलाज असा की विसरायला सुरुवात झाली की पुन्हा आठवायचे : आज, दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. एकाच रविवारी सलग चार तास भिंगे करण्यापेक्षा तेच चार तास जूनपासून दिवाळीपर्यंत विखरून दिले तर ते मार्चपर्यंत टिकतात. आपल्या शाळांत घटक चाचणी आणि सत्र परीक्षा आहेत त्या खरे तर याच कामाच्या. पण त्यांच्याकडे ‘कमी गुणांची परीक्षा’ म्हणून पाहिले जाते आणि पहिली घटक चाचणी झाली की तिचे धडे फेब्रुवारीपर्यंत कपाटात जातात.

गणिताची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथे सर्वांत जास्त गुण सुटतात, म्हणून तिथे थोडे थांबतो. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणात सरावसंच असतात आणि शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो. सरावसंचात एकाच रीतीची उदाहरणे ओळीने येतात. पहिले सोडवले की बाकीची हात सोडवतो. डोक्याला फारसे काम उरत नाही. अनेक मुले आणि अनेक शिकवण्या सरावसंचावरच थांबतात. संकीर्ण प्रश्नसंग्रह ‘वेळ मिळाला तर’ या खात्यात जातो. परीक्षेतले उदाहरण मात्र आपण कोणत्या प्रकरणातले आहोत हे सांगत नाही. रांगेगणिक खुर्च्या वाढत जातात ही अंकगणिती श्रेढी आहे हे ओळखायचे असते. बाप-लेकाच्या वयाच्या उदाहरणात एक चल पुरेल की दोन लागतील हे ठरवायचे असते. भूमितीत काटकोन त्रिकोण दिसला, तर समरूपता वापरायची, पायथागोरसचे प्रमेय की त्रिकोणमिती? ही निवड करण्याचा सराव वर्षभर झालेलाच नसतो.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये नेमके हेच तपासले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणे ओळीने सोडवली, दुसऱ्याने चारही आकृत्यांची मिसळून. सराव चालू असताना ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर येत होती, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर आले आणि मिसळणारे ६३ टक्क्यांवर राहिले. इथेही तेच दिसते : सराव करताना जास्त चुकणारा गट परीक्षेत पुढे गेला. म्हणून या पुस्तकातले गणिताचे प्रकरण मुद्दाम विसकटलेले आहे. बीजगणितातल्या वर्गसमीकरणाशेजारी संभाव्यतेचे उदाहरण आहे आणि त्याच्याशेजारी वस्तू व सेवा कराचे. मुलांना ते सुरुवातीला जड जाईल. पालकांनी त्या दिवसांत ‘तुझी उत्तरे का चुकताहेत’ असे विचारू नये, एवढी विनंती आहे.

आता एक अवघड गोष्ट. वर सांगितलेले सगळे त्या मुलाला लागू आहे, ज्याला पुस्तक वाचून कळते. ज्याला ते वाचताच येत नाही त्याचे काय? ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटातल्या मुलांची पाहणी ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ने २०२३ मध्ये केली. त्यात सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जमले ते फक्त ४३.३ टक्के मुलांना. ही पाहणी २६ राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांची होती, पण कोणत्याही जिल्ह्यातल्या नववीच्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षकांना तिच्यात अनोळखी काही वाटणार नाही. वर्गातला तो मुलगा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तो फळ्यावरचे सुबक अक्षरात उतरवतो, वही पूर्ण असते, आणि उत्तरपत्रिकेत प्रश्नच पुन्हा लिहून येतो. त्याला ‘अभ्यास कर’ म्हणणे निर्दयपणाचे आहे.

अशा मुलासाठी गुण वाढवण्याची वाट मागे जाते. ऋण संख्येतून ऋण संख्या वजा करताना चुकत असेल तर दहावीचे सगळे बीजगणित त्या एका जागी अडते. अपूर्णांकांचा गुणाकार येत नसेल तर समरूप त्रिकोणांची गुणोत्तरे लिहूनही उत्तर मिळत नाही. सहावी-सातवीच्या पुस्तकातली ती चार-पाच प्रकरणे सुट्टीत पुन्हा केली, तर दहावीची पाच प्रकरणे आपोआप हलकी होतात. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे जुने पुस्तक शोधत फिरावे लागत नाही. लाज मात्र आडवी येते. नववीतल्या मुलाच्या हातात सहावीचे पुस्तक दिसले की भावंडे चिडवतात, शेजारी विचारतात. घरातल्या मोठ्यांनी त्या वेळी त्याच्या बाजूने उभे राहावे. आपण कुठपर्यंत आलो आहोत हे बघून तिथून चालायला लागणारा मुलगा धाडसी असतो.

वाचनाचा प्रश्न सेमी-इंग्रजीच्या वर्गांत आणखी गुंतागुंतीचा होतो. घरी मराठी, इतिहास-भूगोल मराठीत, आणि गणित-विज्ञान इंग्रजीत. पुष्कळ मुलांना विज्ञान समजलेले असते, प्रश्न समजलेला नसतो. त्यांच्यासाठी मी एकच सुचवतो : धडा आधी मराठी माध्यमाच्या पुस्तकातून वाचावा आणि मग इंग्रजीतून. संकल्पना आपल्या भाषेत पक्की झाली की तिचे इंग्रजी नाव शिकायला वेळ लागत नाही. उलट दिशेने गेले तर दोन्ही कच्चे राहते.

यानंतर येते ते माझ्या मते या पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण : स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका कशी वाचावी. आपल्याकडे चाचणीचे पेपर हातात मिळाले की मुले वरच्या कोपऱ्यातला आकडा पाहतात, बेरीज बरोबर आहे का ते तपासतात, शेजाऱ्याला किती पडले ते विचारतात आणि कागद दप्तरात जातो. खरे तर त्या मुलासाठी त्याहून नेमके पाठ्यपुस्तक कुणी लिहिलेले नसते. गुण कुठे गेले याची कारणे प्रत्येकाची वेगळी असतात. कुणाला उत्तर माहीतच नव्हते. कुणाला माहीत होते, पण प्रश्न काय विचारतो आहे तिकडे लक्ष गेले नाही. कुणाची रीत बरोबर आणि आकडेमोड चुकली. कुणाचा शेवटचा प्रश्न कोराच राहिला, कारण दोन गुणांच्या उत्तराला त्याने पाऊण पान दिले. या चारही मुलांना ६० टक्केच पडलेले असतात आणि चौघांना सल्लाही एकच मिळतो, की क्लास लावा.

प्रश्नाकडे लक्ष न जाण्याचे एक उदाहरण देतो. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांचा तुलनात्मक अभ्यास आहे. ‘ॲमेझॉनच्या खोऱ्यात लोकवस्ती विरळ आहे’ याची भौगोलिक कारणे विचारली, तर बरीच मुले ॲमेझॉनचे वर्णन लिहितात : नदी किती मोठी, जंगल किती घनदाट, प्राणी कोणते. सगळे खरे असते आणि गुण अर्धे मिळतात. विचारले होते ते ‘म्हणून’. उष्ण व दमट हवामान आणि दाट वर्षावन आहे, म्हणून वाहतुकीच्या सोयी तयार करणे कठीण. वाहतूक नाही आणि शेतीलायक मोकळी जमीन कमी, म्हणून उपजीविकेची साधने मर्यादित. म्हणून वस्ती विरळ. कारणे लिहा, फरक स्पष्ट करा, टीप लिहा, स्वमत मांडा, या सूचनांपैकी प्रत्येकीला उत्तराचा निराळा सांगाडा लागतो. फरक स्पष्ट करताना एका मुद्द्यासमोर त्याच मुद्द्याची दुसरी बाजू यावी लागते. एकाचा रंग आणि दुसऱ्याचा उपयोग लिहून फरक होत नाही. ही युक्ती नव्हे, हा विचार करण्याच्या शिस्तीचाच भाग आहे, आणि तो शिकायला नवा धडा वाचावा लागत नाही.

भाषांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली त्याला आता बरीच वर्षे झाली. उतारा समोर दिलेला असतो, आकलनाच्या कृतींची उत्तरे त्यातच असतात. तरीही मुले गाइडमधली स्वमताची छापील उत्तरे पाठ करत बसतात आणि अपठित उताऱ्यावरचे सोपे गुण सोडून येतात. रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचून त्यावर आपणच दोन प्रश्न काढणे, हा अपेक्षित प्रश्नसंचापेक्षा कितीतरी स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. दहावीच्या निकालानंतर मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळण्याची सोय आहे. पुरवणी परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी तरी ती अवश्य मागवावी.

घराविषयी थोडेच लिहितो, कारण परिस्थिती प्रत्येकाची ज्याची त्याला माहीत. पहाटे चारला उठवून रात्री बारापर्यंत बसवण्याचा जो आग्रह काही घरांत असतो तो सोडावा. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रावैद्यक संस्थेची शिफारस आहे. दिवसा शिकलेले पक्के होण्यात झोपेचा वाटा असतो. एका खोलीच्या घरात, टीव्ही चालू असताना, धुणीभांडी आटोपून मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा तिला वेळापत्रकाचा तक्ता देऊन उपयोग नाही. तिला चाळीस मिनिटे कुणी हाक मारणार नाही याची हमी हवी. जवळच्या ग्रंथालयात किंवा समाजमंदिरात अभ्यासिका असेल तर मुलींना तिथे जाऊ द्यावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांचे दुसरे सत्र फडावर जाते. हंगामी वसतिगृहाची सोय जिथे आहे तिथे मुलांना मागे ठेवणे हाच खरा उपाय आहे. पुस्तकातले कोणतेही तंत्र शाळेची जागा घेणार नाही, आणि तसे भासवणे मला बरोबर वाटत नाही.

शाळेत न गेलेल्या आईवडिलांना वाटते की आपण काय मदत करणार. त्यांना एक काम सांगतो, जे पदवीधर पालकही क्वचित करतात. रात्री जेवण झाल्यावर मुलाला म्हणावे, ‘आज काय शिकलास ते मला समजेल असं सांग.’ आणि जिथे समजणार नाही तिथे ‘म्हणजे काय?’ विचारावे. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ आईला समजावून सांगताना ज्या ठिकाणी मुलगी अडेल, तेच तिने उद्या वाचायचे पान. आईला उत्तर माहीत असण्याची गरज नाही.

शिक्षकांसाठीही दोन शब्द. आपल्यावर कामाचा केवढा बोजा असतो याची मला जाणीव आहे. वर्गात साठ मुले, हातात निवडणुकीची कामे, ऑनलाइन भरायच्या माहितीचे रकाने. तरीही चाचणीचे पेपर दहा दिवसांच्या आत मुलांच्या हातात पडतील असे पाहावे. दीड महिन्याने मिळालेल्या पेपरातली चूक मुलाला आपली वाटत नाही. आणि तासाची शेवटची पाच मिनिटे फळा पुसून, पुस्तके मिटवून, आज काय झाले ते मुलांकडून लिहवून घ्यावे. हे कागद तपासायचे नाहीत, त्यांना गुण द्यायचे नाहीत. मुलांनी ते शेजाऱ्याबरोबर ताडून पाहिले तरी पुरे.

पुस्तकाची रचना अशी आहे की पहिली तीन प्रकरणे सर्वांसाठी आहेत आणि पुढची विषयवार. ती क्रमाने वाचण्याची गरज नाही. नववीतल्या मुलांनी गणितापासून सुरुवात केली तर बरे, कारण तिथे मागे जाऊन दुरुस्ती करायला त्यांच्याकडे अजून वेळ आहे. दहावीतल्या मुलांनी डिसेंबरनंतर हे पुस्तक हाती घेतले असेल तर सगळे करू नये. उत्तरपत्रिकेचे प्रकरण तेवढे करावे आणि मग सराव परीक्षांकडे वळावे. त्या प्रकरणासाठी गेल्या सत्रातल्या कोणत्याही दोन विषयांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका, कोरे कागद आणि दोन रंगांची पेने लागतील. उत्तरपत्रिका शाळेत जमा असतील तर वर्गशिक्षकांकडे एका दिवसापुरत्या मागून घ्याव्यात.